फक्त बघायची परवानगी

पुण्याहून यशोधनसरांचा मेसेज: आज रात्रीच जोडून टाक.
बाहेरची कंपनी आहे, नजर ठेवणारी,
आपल्या अकरा क्लस्टरांवर.
कंटेनर कुठे गुदमरतोय, कुठला पॉड पडून पुन्हा उठतोय,
मेमरी कोण पितंय,
सगळं त्यांच्या पडद्यावर रंगीत दिसेल.
मी म्हटलं, बरं.

कुंभारीच्या घरकुलात रात्री साडेदहालाही
भिंती तापलेल्याच.
लॅपटॉप पाटावर, पाटाखाली सोलापुरी टॉवेल, ओला करून.
अम्मा समोर, मांडीवर सूप.
कातरीने पान कापते, तंबाखू भरते, वळते,
पंचवीस झाल्या की दोरा,
आणि माझ्याकडे न बघता विचारते,
"काय चाललंय गं, स्रवंती?"

त्यांच्या पुस्तिकेतली तिसरी पायरी अशी:
नवं खातं उघडा, त्याला सर्वाधिकार द्या.
एका ओळीत. शेजारी कॉपी करायचं बटणसुद्धा.
म्हणजे वाचणं, लिहिणं, पुसणं,
चालत्या कंटेनरात शिरून हुकूम सोडणं,
आणि सीक्रेट्स,
गिऱ्हाइकांच्या डेटाबेसच्या किल्ल्या लोंबतात तो खिळा.
क्लस्टर तरी आपले कुठे धड?
यंत्रं क्लाउडवाल्याची, भाडं आपलं, कुलूप आपलं,
आणि आता तिसराच दारात,
एक किल्ली मलाही पाडून द्या म्हणतो.

अम्माला घरच्या तेलुगूत सांगितलं,
ब्रँचवर चेकर असतो ना, तसा एक ठेवायचाय.
तिचे हात थांबले. तिचे हात थांबत नाहीत सहसा.

इरण्णा चेकर.
जुडी उचलायचा, कानाशी हलवायचा, दोन बोटांत दाबायचा,
"छाट."
छाट टोपलीत जायची. त्याच्या टोपलीत.
हजारामागे साठ, कधी सत्तर,
मजुरी नाही, विडीही परत नाही.
"बघायलाच ठेवला होता की त्याला," अम्मा म्हणाली.
"टोपली कुणी दिली?"

मी ती ओळ खोडली.
रोल स्वतः लिहिला, क्रियापदं मोजून तीन:
वाच, यादी कर, बघत राहा.
सीक्रेट्सचं नाव काढलं तेव्हा
त्या रिकाम्या जागी कर्सर लुकलुकत राहिला
पडलेल्या दातापाशी जीभ जाते तसा.
टोकनला मुदत नव्वद दिवस.
नऊ क्लस्टर लगेच हिरवे. दोन अडले,
एका ओळीमागे एक जागा जास्त पडली होती, एवढंच.
ती शोधण्यात पाऊण तास, त्यात लाईट गेली,
मोबाईलच्या नेटवर, घामाने बोटं निसटत.

बाराला नोंदी उघडल्या.
दर तीस सेकंदांनी ते पाहुणं
सीक्रेट्सच्या दारावर टकटक करतंय.
मनाई.
मनाई.
मनाई.
ना राग, ना तक्रार. शिकवलंय तसं टकटक.
सरांचा मेसेज: एक चौकट लाल दिसतेय, देऊन टाक ना सगळं, सोपं पडेल.
मी लिहिलं, राहू दे लाल.
बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं,
मग एक अंगठा आला.

अम्माने जुड्या फडक्यात बांधल्या.
"मग नेणार काय तो?"
आकडे, म्हटलं. नुसते आकडे.
तिने गाठ दातांनी ओढली.
"इरण्णाच्या वहीतही आकडेच होते गं."

ती झोपली.
मी मिटलेला लॅपटॉप परत उघडला,
जे बघू दिलं होतं ते पहिल्यांदा नीट वाचलं.
पॉडची नावं. एकशे बारा.
आणि त्या नावांत, आडरेघ देऊन, आम्हीच कधी घाईत घातलेली
एकेका गिऱ्हाइकाची नावं.