प्रश्न एकोणचाळीस

साखळीच्या हायस्कुलात रविवारी
वाहनचालकांची परीक्षा होती.
जागा अकरा. माझ्या खोलीतच चोवीस उमेदवार.
स्टिअरिंग नाही, क्लच नाही,
आधी तर्कक्षमता: साठ प्रश्न, नव्वद मिनिटं,
चुकलं की पाव गुण वजा.

घंटेआधी दारात एक माणूस आला.
कानांवरचे केस पांढरे, हातात प्लास्टिकची पिशवी.
मी म्हटलं, पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं.
तो हलला नाही.
पिशवीतून प्रवेशपत्र काढून त्यानं पुढे धरलं,
चेकनाक्यावर कागद धरावेत तसं,
न विचारता, दोन्ही हातांनी.
रोहिदास बाबलो मळीक, वेळगे. वय त्रेचाळीस.
वयाची अट शिथिल.

मी काही बोलले नाही. बेंच दाखवलं,
तिसऱ्या रांगेतलं, पंख्याखालचं.
तेवढीच माझी माफी.

प्रश्न एकोणचाळीस असा होता:
सर्व ट्रक लाल आहेत.
काही लाल वस्तू थांबलेल्या आहेत.
म्हणून, काही ट्रक थांबलेले आहेत.
हा निष्कर्ष निघतो, की निघत नाही?

काढणाऱ्याच्या मनात काही नसणार.
कप, कुत्रे, टेबलं वापरून झाली असतील,
म्हणून ट्रक.
पण खोलीतली पेनं एकेक करून तिथे अडली.
खिडकीतून दिसतात ते,
मैदानापलीकडे, चाकं काढून चिऱ्यांवर ठेवलेले,
एकाच्या केबिनमध्ये कोंबड्या,
एकावर कारल्याचा वेल टपापर्यंत.
खाण चालू होती तेव्हा याच वर्गात
मुलं बेंचवरच्या धुळीत बोटानं नावं लिहायची,
आणि मी ओरडायचे. आता नावं
कर्कटकानं कोरतात.

मळीकनं हात वर केला.
‘बाई, हांगा खरें बरोवचें, काय बरोबर?’

कोणी हसलं नाही.
इथे लिहिण्याला बरोवप म्हणतात.
बरोबरच्या किती जवळ राहतो तो शब्द,
आणि खरं किती लांब, नदीपलीकडे.

मी गणित शिकवते. फळ्यावर वर्तुळं काढते:
हे लाल, त्याच्या पोटात हे ट्रक,
आणि थांबलेल्यांचं वर्तुळ लालला कुठेही शिवेल,
ट्रकला शिवेलच असं नाही.
पाच मिनिटांचं काम. खडूचे दोन रंग पुरतात.
पण पर्यवेक्षकानं शिकवायचं नसतं.
‘प्रश्न नीट वाचा,’ मी म्हटलं,
आणि म्हणताना मलाच ते उद्धट वाटलं.

त्यानं डोळे मिटले.
डावा हात बेंचखाली थोडा हलला,
तिसऱ्यातून दुसऱ्यात, घाटाच्या वळणावर
भरलेली गाडी सांभाळून आणावी तसा.
मग त्यानं गोल भरला. सावकाश,
कडेला जराही न सांडता.

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.
सर्व पालकांचे केस पिकलेले असतात.
या माणसाचे केस पिकलेले आहेत.
म्हणून, हा माणूस पालक आहे.
सव्वीस वर्षं वर्तुळं काढतेय
आणि दारात एका माणसापुढे
हीच चूक, तीही मोठ्यानं.
माझा पाव गुण कुणी कापला नाही.

उत्तरपत्रिका गोळा करताना पाहायचं नसतं.
मी पाहिलं. ‘निघत नाही’ भरलेलं होतं.
बरोबर.
त्यानं पेनाला टोपण लावलं, पिशवीत ठेवलं,
‘येतां’ म्हणाला, आणि मैदान ओलांडून
त्या ट्रकांच्या अगदी जवळून गेला.
थांबला नाही. एकाच्या बॉनेटवर
हात ठेवला असेल,
कारल्याच्या पानांमुळे नीट दिसलं नाही.

खोली रिकामी झाल्यावर मी त्याचं बेंच पुसलं.
फडकं लाल झालं.
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली,
म्हणजे ही धूळ त्याच्या बाह्यांतली,
अजून, धुऊन धुऊन, अजूनही,

इथवर येऊन मी थांबले.
शाळेच्या मैदानाची मातीही लालच आहे.