चौथ्या मिनिटाची घंटा

मी नुसता घंटावाला.
चौथ्या मिनिटाला एक टोल, पाचव्याला दोन,
बाकी बोलायचं काम पोरांचं.
बावीस वर्षं झाली, दसरा चौकापासून हाकेच्या अंतरावर
याच हॉलात, याच टेबलाच्या कडेला
पितळी घंटी, सेलचं घड्याळ
आणि साय धरलेला चहा.

विषय यंदा भारी होता :
‘आजचा समाज स्वतःच्या डोक्यानं विचार करतो का?’
चौगुले सरांनी फळ्यावर वळणदार लिहिला,
प्रश्नचिन्हाखाली टिंब द्यायला विसरले,
त्यामुळं दिवसभर तो प्रश्न
रिकाम्या आकड्यासारखा लटकत राहिला.

स्पर्धा साडेदहाची.
सचिव म्हणाले, शुक्रवार आहे, राहुकाळ,
बारा वाजून गेल्यावर समई लावू.
कुणी हसलं नाही. मीही नाही.
दीड तास एकशे दहा डोकी
शेंगदाणे सोलत बसली.

मग चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या.
इचलकरंजीचा पोरगा बाजूनं, जयसिंगपूरचा विरुद्ध.
पहिला म्हणाला, “विज्ञानाचा सूर्य उगवला आहे.”
दुसरा म्हणाला, “विज्ञानाचा सूर्य उगवूनही...”
पुढं दोघांच्या भाषणात एक अख्खा परिच्छेद
जत्रेत जुळे भाऊ भेटावेत तसा भेटला,
तोच विराम, तेच वर गेलेलं बोट.
एकाच मोबाईलातनं उतरलेला असणार.
टाळ्याही सारख्याच पडल्या.

आधी मी उद्यमनगरात फौंड्रीला होतो,
वाळूचा साचा ठोकायचो.
एका साच्यातनं शंभर व्हॉल्व्ह काढले तरी
एकालाही वाटत नाही आपण दुसऱ्यासारखे आहोत.
प्रत्येक जण आपापला तापून लाल झालेला असतो.

नंतर आली गारगोटीची अश्लेषा कुराडे.
चप्पल पायरीशी काढून, अनवाणी, माईकसमोर.
“सन्माननीय परीक्षक,” म्हणाली. कागद उघडला,
मनातल्या मनात वाचला, परत घडी घातली.
“हे माझ्या मामानं लिहून दिलंय.
काल रात्री मला ते पटत होतं.”
हॉलात खसखस.
“आता पटत नाही. पण का, ते अजून कळंना.”
आणि गप्प.

पहिलं मिनिट. दुसरं.
पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली,
बाहेर भंगारवाल्याची आरोळी.
गुळवणी बाईंनी पेनाला टोपण लावलं, काढलं, लावलं.
मागनं कुणीतरी ओरडलं, “बस की खाली!”
ती बसली नाही. रडलीही नाही.
कपाळावर एक आठी येत होती, जात होती,
परक्या कुलपात किल्ली फिरवून बघावी तशी.
चौथं मिनिट भरलं.
माझा अंगठा घंटीवर.
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं
की आता कुठं कुणीतरी बोलतंय,
मधेच कसं तोडू?

घंटी दिली नाही.
सहा मिनिटं अठरा सेकंद झाली, तेव्हा
“थोडं थोडं कळतंय,” म्हणाली
आणि उतरून चप्पल शोधायला लागली.
चौगुले सरांनी मला झापलं, नियम म्हणजे नियम.
ढाल इचलकरंजीला. उत्तेजनार्थ जयसिंगपूर.

संध्याकाळी स्कूटर काढली.
हँडलला लिंबू-मिरची, उद्या शनिवार, बदलायची.
हात तिकडं गेला आणि थांबला.
ही बांधायला मला पहिल्यांदा सांगितलं कुणी?
बापानं? शेजारच्या बंडोपंतानं?
की शोरूमवाल्यानं गाडीबरोबर दिली
आणि राहिली ती राहिलीच?
लय आठवून बघितलं. नाही आठवलं.

काढली नाही, खोटं का बोलू.
रंकाळ्याच्या कडंकडंनं सावकाश घरी आलो.
प्रत्येक गतिरोधकाला लिंबू उसळायचं, गुडघ्याला लागायचं.
दारात बायको म्हणाली, एवढा उशीर?
काय सांगणार,
मी अजून त्या पोरीच्या
दुसऱ्या मिनिटातच होतो.