पिवळे बुश

चिप्पा मास्तर प्रेसखाली आर्म धरतात,
जुनं रबर बाहेर पडतं
किडक्या सुपारीसारखं, कडेनं फाटलेलं.
आत चिकटलेलं जाळून काढायचं.
अक्कलकोट रोडच्या हवेत रंगाचा, खळीचा वास,
त्यात हा एक. कोण विचारतंय.

पॉलियुरेथेनचे बुश पिवळेजर्द.
नखानं दाबून बघतात, दबत नाहीत.
"ग्रीस कमी पडलं तर कुरकुरतात," मी म्हणतो.
ते माझ्या ओठांकडे बघतात.
सव्वीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर,
कान तिथंच राहिले, सातव्या रांगेत.
"मग तूच ऐक की."
आणि सिलिकॉन ग्रीस बोटानं भरतात,
शेंगाचटणीवर तेल सोडावं तसं,
हात आखडता न घेता.

संध्याकाळी होटगी रोडला ट्रायल.
स्टिअरिंग नुसतं बोटानं वळतं,
पण प्रत्येक खडा, प्रत्येक जोड
सरळ सीटमध्ये.
गेले वीस हजार, वर कंबरही.

मास्तरांचे डोळे मिटलेले,
तळवा दाराच्या पत्र्यावर.
"रूळ आले," म्हणाले.
थोड्या वेळानं, "इथं डांबर नवं टाकलंय."
नंतर बराच वेळ काहीच नाही.

माघारी येताना
मी गाडी मुद्दाम
जुन्या रस्त्यानं घेतली.