एक कमी

तिन्हीसांजेला खुराड्याच्या तोंडाशी बसून
मी पाय मोजते.
एवढ्या काळोखात पायच दिसतात —
पिवळे, काळपट, एकीला मधलं बोट नाही
(ते मुंगसाच्या तोंडात राहिलं, बाकी कोंबडी परत आली).
अकरा. बारा.
मग हात आत, पिसांच्या उबेत, एकेक पाठ चाचपत:
बाराच.
सकाळी फळी सरकवली तेव्हा तेरा होत्या.

"ती ती ती…"
रातांब्याच्या फांद्यांवर बॅटरी,
मांगराच्या पाठी, चुडतांच्या ढिगाखाली,
करवंदीच्या जाळीत, जिथे अंडी लपवायची तिला खोड.
तीन सापडली. एक कानाशी हलवून पाहिलं,
आत पाणी वाजलं.
सुरूच्या बनाच्या कडेला दोन पिसं. तांबडी.
म्हणजे ती.

घार असती तर दुपारीच कालवा झाला असता.
कोल्हा ओढत नेतो, वाळूत रेघ राहते.
मुंगूस मान खातं आणि बाकी ठेवून जातं,
जसं कुणी भरल्या पानावरून उठावं.
रेघ नाही, मान नाही,
तर मग मला तो आठवतो.

गेल्या श्रावणात खुराड्यातच सापडला.
ज्या फटीतून आला तिच्यातून निघता येईना,
कारण आता तो एकटा नव्हता.
तीन फुगवटे, मी बोटाने मोजले.
मेस्त्रींचा तेजस आला, त्याने उचलून
तांदळाच्या पोत्यात भरला, तोंड बांधलं.
"काकी, खाडीपल्याड सोडतंय."
मोटरसायकलच्या मागे ते पोतं
वळणापर्यंत बघत राहिले —
पोत्यात अजगर, अजगरात माझी काजळी,
काजळीत उद्याचं अंडं,
सगळं एकदमच पुलावरून गेलं.

पास्कूची सासू म्हणाली, "कोंड गो त्यांका."
होडीचं जुनं जाळं ताणलं परसभर.
आठ दिवस.
तारल्यांची डोकी टाकली, शिंपल्या कुटून घातल्या,
कणी तर होतीच.
नवव्या दिवशी एकीने दुसरीचं शेपूट रक्त येईस्तो उपटलं.
अंडी बंद.
सगळ्याजणी जाळ्याच्या भोकातून चोच काढून
पलीकडच्या वाळवीकडे बघत.
बांगड्याच्या मापाची भोकं ती.
मीच सुरीने गाठी कापल्या.
म्हातारी हसली:
"सोडलंय तर जातली, कोंडलंय तर मरतली.
तुका खयचा होया ता सांग."

मानमोडीच्या साली कुणी विचारलं नव्हतं.
बावीस होत्या.
माना उलट्या फिरवून आभाळ बघत बसल्या
आणि चार दिवसांत एकोणीस गेल्या.
खड्डा माडाच्या मुळाशी खणला.
त्या माडाला हल्ली नारळ बरे लागतात, मी बोलत नाही.
आता मसुऱ्याहून थर्मासात लस येते.
एकेकीला काखेत धरून डोळ्यात थेंब.
ती पापणी मिटते, उघडते, माझ्याकडे बघते,
जणू मला काही ठाऊक आहे.

कोंबडे मी मोजणीत धरत नाही.
त्यांचा वार मला माहीत असतो.

फोन वाजतो. ट्रॉलरवरून, तुटत तुटत:
"सगळ्या आत?"
"आत."
तो तिकडे आठ माणसं मोजून आडवा होतो.
मी कधी आकडा विचारत नाही.

नऊची एसटी वळते,
दिवे कुंपणावरून, रातांब्यावरून, माझ्यावरून फिरतात.
फळी अजून उघडीच. मी पाटावर,
मांडीवर कोयती, पायांना डास.
शेवटचं म्हणून हात आत घालते.
दांडीवर तिची जागा होती,
भुरी आणि ती बोट नसलेली, दोघींच्या मधे.
चाचपते. पिसांना पिसं लागलेली.
दोघी सरकल्या आहेत.