अठरा

रात्री अकराला शेवटचा पाळणा आत येतो
आणि दोर थांबतो.
खाली ला पास, डोंगराच्या वाटीत सांडलेलं,
दिव्यादिव्यांचं,
कुणी आवरायचं विसरून गेल्यासारखं.

साबिना आपासाला ते बघायला वेळ नसे.
तिला मोजायचं असे.

ताडपत्रीची गुंडाळी, तिला अठरा कप्पे,
प्रत्येक पान्याच्या मानेला लाल लोकरीचा फेर.
खांबावर चढण्याआधी अठरा,
उतरल्यावर अठरा,
सही करून निघण्याआधी पुन्हा अठरा.
पहिल्या आठवड्यात ती नजरेनंच मोजायची,
एका झपाट्यात,
वर्गातल्या हुशार मुलीसारखी.
पाळीची मुख्य एउलालिया तिकोना काही बोलली नाही.
तिनं दिवा मालवला.
"आता मोज."

चार हजार मीटरवरच्या थंडीत, हातमोजे काढून,
एकेक लोखंड चाचपत
साबिना मोजत गेली आईच्या बोलीत.
आयमारात एकाला माया म्हणतात,
दोनाला पाया.
"डोळ्यांना झोप येते," तिकोना म्हणाली,
"बोटांना येत नाही."

ही सवय की शिक्षा
हे ठरायला एक अख्खा हिवाळा गेला.
बरोबरचा रेनान मध्येच सोडून गेला,
तिकडे पगार बरा होता
आणि अंधारात कुणी मोजायला लावत नव्हतं.

मग ऑगस्टातली ती पहाट.
पावणेसहा.
सतरा.
पुन्हा मोजले. सतरा.
तेरा नंबरचा कप्पा मोकळा.
खाली रांग फाटकापर्यंत आलेली, तिच्यात तिची आई,
पाठीला चुन्योचं पोतं बांधून,
बर्फात गोठवून वाळवलेले काळे बटाटे,
बाजारातली कोपऱ्यावरची जागा गाठायची म्हणून
पुढच्याला कोपरानं ढोसत.

एका शब्दाचं काम होतं.
अठरा म्हटलं असतं
तर कुणी जिभेखाली हात घालून बघणार नव्हतं.
असेल पाना कुठेतरी, बाकावर, गाडीत,
पाने काय पळून जातात?
तिनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर
अठरा म्हणायलाच उघडलं.
पण अंगठा रिकाम्या कप्प्यात होता अजून,
तो तिथून हलेना.

"सतरा."

चाळीस मिनिटं दोर हलला नाही.
रांगेतून शिव्या आल्या, दोन भाषांतून.
सातव्या खांबावर, चाकांच्या वरच्या पत्र्यावर
सापडला तो, हिमानं पांढरा,
झोपलेल्या मांजराइतका निरागस.

टाळ्याबिळ्या नाहीत.
तिकोनानं वहीत लिहिलं:
उशीर चाळीस मिनिटं. कारण, मोजणी.
थर्मासमधला कोकाचा चहा
आधी स्वतःला ओतला,
मग तिला.

नऊ वर्षांनी मुख्य पदासाठी मुलाखत झाली.
टाय लावलेल्या तिघांनी विचारलं,
तुमचं बलस्थान काय?
टेबलाखाली तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.
"मला अठरापर्यंत मोजता येतं."
एक जण हसला. दुसऱ्यानं पेनचं टोपण लावलं.
तिसऱ्याच्या तळहाताला जुना घट्टा होता,
त्यानं तिच्याकडे
जरा जास्त वेळ पाहिलं.

जागा मिळाली. खुर्ची, शिट्टी,
गुंडाळ्यांच्या कपाटाची किल्ली.

संध्याकाळी बाजारात जाऊन आईला सांगितलं.
आई फडक्यावर बटाट्यांचे ढीग लावत होती,
पाचपाचाचे, मान वर न करता.
"बरं झालं," म्हणाली.
"पण त्या दिवशी माझी कोपऱ्यावरची जागा
त्या चीजवाल्या बाईनं घेतली.
अजून तिच्याचकडे आहे."

बोलता बोलता तिचा हात एका ढिगावर थबकला.
तिनं तो मोडला,
पुन्हा लावायला घेतला,
माया, पाया.
चारच होते त्यात.
तिनं पाहिलंही नव्हतं.