दोनशे चाळीस रुपये

सॅक क्लोकरूममध्ये. खिशात दोनशे चाळीस.
रिक्षावाला विचारतो, "क्यां जवुं छे?"
मी पायांकडे बोट दाखवतो.
तो हसतो, माझ्या बुटांकडे बघून.

विश्वामित्रीच्या पुलावर माणसं कठड्यावर ओणवी.
गाळात मगर आहे की ओंडका,
दोन तट पडलेले.
मी ओंडक्याच्या बाजूने.
अर्धा तास गेला, पैसा नाही.

दांडिया बाजारात उजव्या बुटाने आ वासला.
मोची म्हणाला, वीस. आणि वेळ लागेल.
शेजारच्या ओट्यावरून दिघे, पूर्वीचे टायपिंग क्लासवाले,
स्टूल पुढे सरकवत:
"बस ने. चालत आलास? मग पाणी पी ने."

चार पिढ्या मुरलेलं मराठी,
शेपटीला तो एवढासा ने.
मी बसलो, एका पायात नुसता मोजा.

शेव-उसळीला साठ. तर्री दुसऱ्यांदा मागितली, मिळाली.
सूरसागरावर दिवे लागले तेव्हा
बुटाचे टाके मोजले: अकरा.

आता फलाटावर, जुन्या तिकिटाच्या पाठीवर हिशेब.
तीस रुपये जुळत नाहीत.
बोचकं घेऊन एक बाई उभी.
"बसा ने," माझ्या तोंडून निघून जातं.

आणि हो, तो ओंडका.
परतताना पाहिलं,
नव्हता तिथे.