ळची पहिली आवृत्ती

स्वान्सीच्या या खोलीत, बॉयलरच्या घरघरीशेजारी,
मी अकरा रात्री नुसता ळ काढत होते.
दोन पोटं, मध्ये बारीक कंबर;
डावं पोट जरा जड झालं की अख्खा शब्द कलंडतो.
शेजारच्या एर्लिस प्रोबर्टबाईंना दाखवला,
तर त्यांनी जीभ टाळ्याला लावून कडेनं वारा सोडला
आणि म्हणाल्या, आमच्या वेल्शमध्येही आहे असं एक,
बाहेरच्यांना न जमणारं.

फॉन्टची किंमत ठेवली अठरा पौंड.
वर्षभरात एकोणीस जणांनी घेतला.
आणि मग तो दिसायलाच लागला:
कार्डिफच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर,
लोणच्याच्या बरण्यांवर,
थेट जत तालुक्यातल्या एका दंतवैद्याच्या पाटीवर.
एकोणीस माणसं एवढं लोणचं घालत नाहीत.

चोरी म्हणावं तर घरातलं काही गेलं नाही.
सायकल नेली की तुटलेलं कुलूप तरी हातात उरतं.
इथे फाइल जागच्या जागी, वेलांट्या शाबूत.
फक्त त्या अकरा रात्री
कुणाच्या नावे मांडायच्या, कळत नाही.

एर्लिसबाईंनी चाळीस वर्षं
चॅपलच्या गायकांसाठी गाण्यांच्या झेरॉक्स काढल्या,
शाळेच्या मशीनवर, सुटी झाल्यावर.
"देव पावती मागत नाही," म्हणाल्या.
चहा निवेपर्यंत गप्प.
मग, "ती चाल बांधणारा पोर्ट टॅलबटला राहायचा.
बसमध्ये दिसला की मी खिडकीबाहेर बघायची."

आणि मी?
मिरजेत, स्टेशनमागच्या गाळ्यात,
मुळीक सरांच्या सीडीवर शिकले सगळं.
चाळीस रुपये, कोरी सीडी आपली आणायची.
वर स्केचपेननं लिहिलेला नंबर,
अख्ख्या वर्गाला एकच.
मूळ प्रोग्रॅम म्हणजे बाबांचे सात पगार.
तो लिहिणारा कुठल्या गावचा,
त्याच्या खोलीत काय घरघरत होतं,
कधी मनातही आलं नाही.

काल व्हॉट्सॅपवर सर आले.
काळ्या चौकटीत, हार घातलेले.
बाळकृष्ण मुळीक.
अक्षर माझं.
दोन्ही ळ डावीकडे कललेले;
पहिल्या आवृत्तीतली ती चूक मी नंतर काढली,
पण सुधारलेला ळ पोचला
पैसे भरणाऱ्यांनाच.

रात्री सरांच्या मुलाला पत्र लिहायला घेतलं.
नवी फाइल जोडली,
तेराव्याची पत्रिका अजून छापायची असेल म्हणून.
खाली लिहिलं, अठरा पौंड.
खोडलं.
चाळीस रुपये लिहिलं.
ते कुणी कुणाला द्यायचे, ठरेना.
पण खोडलं नाही.